जमिनीत उतरणारं स्मारक

[इंडिया गेट, समोरून. सकाळ.]

इंडिया गेट पाहिलं नाही असा दिल्लीचा प्रवासी सापडणार नाही. ४२ मीटर उंची. त्याच्या भिंतींवर कोरलेली १३ हजारांहून अधिक नावं आहेत पहिल्या महायुद्धातली आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली. म्हणजे ब्रिटिश अमदानीतली.

आता त्याच्या मागे चला. दगडी छत्री ओलांडली, की दिसतं काय? हिरवळ, झाडं, आणि मधोमध एक खांब. एवढंच.

हेच राष्ट्रीय युद्धस्मारक, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांचं. चाळीस एकरांचं.

[आराखड्याचा कागद, टेबलावर.]

या भागात ड्रोन उडवता येत नाही, म्हणून वरून कसं दिसतं ते कागदावरच बघू. एकात एक चार वर्तुळं, आतून बाहेर: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षा चक्र. मागणी १९६० सालची, मंजुरी ऑक्टोबर २०१५ मधली. मग जागतिक स्पर्धा झाली, ४२७ आराखडे आले. निवड झाली चेन्नईच्या 'वीबी डिझाइन लॅब'ची, म्हणजे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांच्या चमूची.

पेच असा होता: ही जागा रिकामी नव्हती. नवी दिल्ली आखणाऱ्या ब्रिटिश वास्तुरचनाकार ल्युटेन्सचं षटकोनी मैदान, त्यात इंडिया गेट, त्यात छत्री. आणि संध्याकाळी पोराबाळांना घेऊन येणारी, हिरवळीवर बसणारी दिल्ली. इथे आणखी एक उंच काही उभं केलं असतं तर ते त्या कमानीशी भांडत बसलं असतं. म्हणून स्मारक वर न नेता खाली उतरवलं. पायऱ्या उतरताना पाहा, गाड्यांचा रस्ता कसा हळूहळू नजरेआड होतो.

रचनेची कल्पना चक्रव्यूहाची. आपल्याकडे चक्रव्यूह म्हटलं की अभिमन्यूच आठवतो, बाहेर पडायची वाट न सापडलेला. इथल्या भिंती मात्र सलग नाहीत. मध्ये मध्ये मोकळ्या सोडल्यात. कुठूनही आत या, कुठूनही बाहेर पडा.

[त्याग चक्र. भिंतीवरून फिरणारा हात.]

या सोळा भिंती. ग्रॅनाइटची एकेक वीट एकेका जवानाची, अक्षरं सोनेरी. उद्घाटनाच्या वेळी नावं होती २५,९४२. हवं ते नाव कुठल्या भिंतीवर आहे, हे शोधायला डिजिटल पडदे बसवलेत.

[वीरता चक्र.]

इथे सावली आहे, थांबू या. कांस्याची सहा भित्तिशिल्पं, सहा लढाया-मोहिमांची: तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडंट, ऑपरेशन मेघदूत. घडवणारे हात आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, राम सुतारांचे.

शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. हे राम राघोबा राणे. खडकीला ज्यांचं केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली.

[झाडांच्या रांगा. वाऱ्याचा आवाज.]

सगळ्यात बाहेरचं वर्तुळ, रक्षा चक्र. इथे भिंत नाही, सहाशेहून अधिक झाडं आहेत. सीमेवर खडे राहिलेल्यांची जागा त्यांना दिली आहे. लोक फोटो काढतात मधल्या खांबाचे, झाडांचे कुणी काढत नाही. आम्हाला विचाराल तर आराखड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. मे महिन्यात दिल्लीचा दगड तापतो, तेव्हा माणूस टेकणार कुठे? आणि बाकी सगळं बांधून झालं त्या दिवशी पुरं झालं. हे अजून वाढतंय.

खर्च १७६ कोटी. २५ फेब्रुवारी २०१९ ला स्मारक खुलं झालं. २१ जानेवारी २०२२ ला इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत इथल्या मधल्या खांबापाशी तेवणाऱ्या ज्योतीत मिळवली. काही माजी सैनिकांना ते रुचलं नाही.

[संध्याकाळ. अमर चक्र.]

रोज सूर्यास्ताच्या सुमारास एका शहीद जवानाच्या घरचं माणूस येऊन इथे पुष्पचक्र वाहतं.

[इथून शेवटपर्यंत फक्त बिगुल. निवेदन नाही.]