१८ जून आणि आपलं ग्वाल्हेर

माझ्या नातीच्या वर्गात रोज फळ्यावर दिनविशेष लिहितात. १८ जूनची पाळी तिची आली. चार ओळी उतरवून ती माझ्याकडे आली: हळदीघाटची लढाई, १५७६. वॉटर्लू, १८१५. राणी लक्ष्मीबाईंचं बलिदान, १८५८. मडगावला डॉ. राममनोहर लोहियांची सभा, १९४६. "आजोबा, यांचा एकमेकांशी काय संबंध?" मी म्हणालो, काही नाही गं, तारीख एक आहे, एवढंच. पण ते उत्तर रात्रभर मला टोचत राहिलं, कारण ते अर्धंच खरं होतं.

आधी तारखेचंच बघा. आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर आलं १५८२ साली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरला गेला. हळदीघाट त्याच्या सहा वर्षं आधीची, म्हणजे तिची १८ जून जुन्या ज्युलियन गणनेतली. आजच्या हिशेबाने ती २८ जून होते. काही अभ्यासक तर तिथे २१ जून धरतात. लढणाऱ्यांना यातली कुठलीच तारीख ठाऊक नव्हती. कुणी हिजरी सन मोजत होतं, कुणी तिथी.

आता त्या लढाईकडे या. महाराणा प्रताप, चेतक, अकबराकडून आलेला आमेरचा मानसिंह, एवढं आपल्याला पाठ असतं. पण राणाच्या बाजूने आपल्या ग्वाल्हेरचा एक म्हातारा राजा लढत होता, रामशाह तंवर. किल्ल्यावर चढलात की ज्याच्या भिंतीवरची निळी बदकं दिसतात, तो मानमंदिर महाल बांधणाऱ्या राजा मानसिंह तोमरांचा हा नातू (तंवर आणि तोमर एकच घराणं). त्याचे वडील विक्रमादित्य १५२६ साली पानिपतात इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना पडले. पुढे ग्वाल्हेर परत मिळवायची रामशाहची धडपड फसली आणि तो मेवाडच्या आश्रयाला गेला. हळदीघाटीत तो आणि त्याचे तीन मुलगे, शालिवाहन, भवानीसिंह आणि प्रतापसिंह, एकाच दिवशी मारले गेले. अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायूनी त्या दिवशी मुघल फौजेत हजर होता. रामशाहच्या विरुद्ध बाजूचा माणूस, पण त्याने या म्हाताऱ्याच्या पराक्रमाची नोंद करून ठेवली. हळदीघाटीजवळच्या खमणोर गावाशी, रक्ततलाई या रणभूमीत रामशाह आणि त्याचा मुलगा शालिवाहन यांच्या छत्र्या आजही उभ्या आहेत. आणि इथे ग्वाल्हेरात? आपल्या मुलांना त्याचं नावसुद्धा माहीत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

वॉटर्लूवर फार थांबत नाही. पण तिथे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, जो १८०३ च्या सप्टेंबरात असईला दौलतराव शिंद्यांच्या फौजेशी लढला. जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. आपण बसलोय त्या भागाला लष्कर हे नाव याच दौलतरावांच्या छावणीवरून पडलं.

राणीसाहेबांच्या बाबतीतही तारखेचा घोळ आहेच. ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सरायची लढाई १७ जूनची, आणि इंग्रज कागदपत्रं त्याच दिवशी राणी पडल्याचं सांगतात. आपण फुलं वाहतो १८ ला. मला विचाराल तर हा वाद तसा लहान आहे. मोठी गोष्ट अशी की त्यांच्याबरोबरच्या माणसांना त्या वेळी शोक करायलाही सवड नव्हती. देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून घाईघाईने अग्नी दिला. सांगतात की बाबा गंगादासांच्या मठाशी, गवताच्या गंजीची चिता रचून. दोन-तीनच दिवसांत शहर आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. अशा वेळी तारीख नेमकी टिपून ठेवणार कोण?

लहानपणी वडील मला पहाटे फुलबागेतल्या राणीसाहेबांच्या समाधीवर न्यायचे. जूनमधल्या ग्वाल्हेरचा फरशीचा दगड रात्रभरात निवलेला नसायचा. अनवाणी पावलांना तो कोमट लागायचा आणि ओंजळीतली मोगऱ्याची फुलं मात्र ओली, गार. वडील काही बोलत नसत. पायरीवर फुलं ठेवायची आणि मागे सरायचं.

आणि गोव्याची चौथी ओळ? आसोळण्याला डॉ. जुलियाव मिनेझिस या मित्राकडे विश्रांतीला आलेले लोहिया पोर्तुगीजांची सभाबंदी मोडायला मडगावच्या मैदानात उभे राहिले. लगेच अटक झाली. गोवा मोकळा व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडला, पण तिथे क्रांतिदिन पाळतात तो १८ जूनलाच.

नातीच्या चार ओळींपैकी तिन्हींमध्ये ग्वाल्हेर सापडलं. चौथी मी तिला तशीच ठेवायला सांगितली. पहिल्या ओळीत मात्र तिने स्वतःहून भर घातली: "ग्वाल्हेरचे रामशाह तंवर याच लढाईत पडले."

येत्या १८ ला सकाळी सहा वाजता मी फुलबागेत असेन. ऊन चढायच्या आत या. राणीसाहेबांना फुलं वाहून झाली की रामशाह आणि त्याच्या तिन्ही मुलांची नावं मी मोठ्याने वाचणार आहे.