आवरून झालं, आता पुढे?

(नाशिकमध्ये इंदिरानगरातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. घर कसं आवरावं हे मी आज सांगणार नाही. ते इथल्या प्रत्येकाला चांगलं येतं. दसरा झाला की कुठल्याही गल्लीत बघा. गच्चीवर गाद्या वाळतायत, माळ्यावरचे हंडे आणि घंगाळं खाली उतरलीयत आणि घंटागाडीवाला हात जोडून सांगतोय, "काकू, गादी घेत नाही आम्ही." (हशा) माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एवढा घाम गाळून मोकळी केलेली जागा संक्रांतीच्या आत परत भरते कशी? आणि पसारा कमी झाल्यावर जो वेळ वाचायला हवा होता, तो जातो कुठे?

पत्रिकेवर जागा आणि वेळ दोन्ही छापलंय. दोन्हींवर बोलणार आहे. पण आधी आमच्या सोसायटीतल्या एका खोलीबद्दल बोलू द्या, कारण त्या खोलीनं मला फार छळलंय.

तळमजल्यावर जिन्याला लागून ही खोली आहे. मंजूर नकाशात तिला 'सोसायटी ऑफिस' म्हटलंय. पूर्वेला चांगली मोठी खिडकी. आत काय होतं? बिल्डरनं सोडलेल्या फरशा, गणपतीचं थर्माकोलचं मखर, फुटकी पाण्याची टाकी, चाकं नसलेल्या सायकली. आम्ही चार-पाच बायका आणि कॉलेजातली मुलं मिळून एका रविवारी सगळं बाहेर काढलं. भंगारवाल्यानं टेम्पो भरून नेला. फरशी घासली तेव्हा ती शहाबादी आहे हे पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं ते थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं. इतकी वर्षं ते मखरावरच अडत होतं.

ग्रुपवर फोटो गेले, अंगठे आले आणि त्याच आठवड्यात कमिटीनं खोलीला कुलूप घातलं. कशासाठी? "दुरुपयोग होऊ नये म्हणून." म्हणजे उपयोग नाही झाला तरी चालेल! (हशा) तुम्ही हसताय, याचा अर्थ तुमच्याकडेही अशी एक किल्ली कुणाच्या तरी कपाटात पडून आहे.

मग कुणाचा तरी कूलर आला. "पावसाळ्यापुरता राहू दे." आतलं गवत काळं पडलेलं, तळाशी गंजाचं पाणी. त्याच्यामागून लग्नातल्या गाद्या, "दोनच दिवस." मग कुणाचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा पलंग. एकेक वस्तू घेतली तर प्रत्येकीला कारण आहे, आणि कारण खरंही आहे. पण त्याच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी जिन्याच्या वळणावर बसून बारावीचा अभ्यास करत होती. घर लहान, आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. कुणी जिना चढायला लागलं की ती पाय पोटाशी घ्यायची, वही मिटून छातीशी धरायची आणि माणूस वर गेला की परत पान शोधायची. खाली खोलीत पलंग रिकामा, आणि पोर जिन्यात! वार्षिक सभेत मी हे मांडलं. उत्तर मिळालं, हा विषय विषयपत्रिकेवर नाही.

मी खूप चिडले. आजही सांगताना चिडते आहे, ते तुम्हाला दिसतंच आहे. पण मग विचार करायला लागले की मोकळी केलेली जागा मोकळी राहते तरी कुठे? एकदा बुधवारी भाजीला गोदाघाटावर गेले आणि तिथं उत्तर सापडलं. बघा ना, पहाटे रामकुंडावर स्नानं आणि विधी. बुधवारी बाजार. मे महिन्यात संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला. आणि पावसाळ्यात नदी स्वतःच जागा मागून घेते, मग दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला गाव लोटतं. एवढं सगळं एकाच घाटावर. बाजार उठला की जागा परत सगळ्यांची. कारण कुठल्या वेळी ती कोणाची, हे गावाला पाठ आहे.

तपोवनात साधुग्रामाची जागा आहे, म्हणजे कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामाची. दर १२ वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा, मागचा २०१५ साली झाला. त्या जागेवरून मधल्या काळात काय काय वाद होतात ते तुम्ही जाणता, त्यात मी शिरत नाही. पण शहर चारी बाजूंनी वाढत असताना एखादी जागा राखायचा आग्रह कशाच्या बळावर धरता येतो? तिथं काय होणार आणि कधी होणार, हे ठरलेलं असतं म्हणून. हेच आपल्या घरात होत नाही. आपण आधी रिकामं करतो आणि मग "बघू काय करायचं ते" म्हणतो. त्या "बघू"मध्येच कूलर येतो.

तर पुढच्या खेपेला आम्ही खोलीतल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. आधी एका कार्डशीटवर वेळापत्रक लिहिलं. रोज संध्याकाळी ६ ते ९ अभ्यासिका. बुधवारी दुपारी भजन. रविवारी सकाळी रक्तदाब तपासणी, आमच्याच इमारतीतल्या डॉक्टरीणबाई करतात. खाली तारीख टाकली आणि सगळी अडगळ आत असताना ते दारावर चिकटवलं. कमिटीत नवीन माणसं आली होती, त्यांनी अडवलं नाही, त्यांचे आभार. तारीख जवळ आली तसे लोक आपणहून आले आणि आपापलं सामान घेऊन गेले. पलंग गेला, गाद्या गेल्या. कूलर कुणाचा ते मात्र अजून कळलेलं नाही. (हशा) किल्ली त्या मुलीकडे दिली. तिची बारावी झाली, आता किल्ली तिच्या धाकट्या भावाकडे आहे.

जुन्या नाशिकच्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना ओसरी आठवत असेल. सकाळी तिथं धान्य निवडायचं, दुपारी पोरांचे सागरगोटे, संध्याकाळी शुभंकरोती, रात्री पाहुण्यांचं अंथरूण. तिथं कायमचं सामान कुणी ठेवायचं नाही, आजी ठेवूच द्यायची नाही. आम्ही एकदा ओसरीवर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. ओसरी राहू दे, मूळ मुद्द्याकडे येते.

घरातली जागा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे मुलांची खोली आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. खोलीत दहावीचे गाइड, क्रिकेटची बॅट, भिंतीवर प्रमाणपत्रं. ती टाका असं मी म्हणणार नाही. टाकायला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. कपाट तसंच ठेवा. फक्त टेबल मोकळं करा आणि त्या टेबलाला वेळ नेमून द्या. शेजारच्या मुलाला दुपारी तीन ते पाच बसू द्या, त्याच्या आईला तसं सांगून टाका. एकदा सांगितलं की त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे साठत नाहीत, कारण तीन वाजता कुणीतरी येणार असतं.

आता वेळ. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ साली एका लेखात लिहिलं की हाताशी जितका वेळ असेल तितकं काम पसरत जातं. त्यानं ते सरकारी कचेऱ्यांबद्दल लिहिलं, पण स्वयंपाकघरालाही ते लागू पडतं. माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासायला दिवाळीआधीचे अख्खे दिवस जायचे. भांडी मोडीत दिली, दिवस वाचले. पुढे काय झालं? ते दिवस मोबाइलनं खाल्ले, आणि खाल्ले हे कळलंसुद्धा नाही. म्हणून जागेला जशी वेळ नेमायची, तशी वेळेला जागा नेमायची. "आता मी वाचणार" एवढं पुरत नाही. कुठे बसून, आणि कोण वाट बघणार, हे ठरवायचं. सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात १८४० पासून आहे. दर सोमवारी पुस्तक बदलायचं असं ठरवलं की रविवारची दुपार आपोआप पुस्तकाची होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना आहे. १०० पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटात फिरते. अशी पेटी तुमच्या मोकळ्या खोलीत ठेवा, म्हणजे तुमच्याकडे माणसं येतील. गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही, अशांसाठी हे जास्त उपयोगाचं आहे. त्यांनी खुर्ची दाराशी घ्यायची आणि पेटी सांभाळायची.

एकटे राहणारेही इथे आहेत. त्यांनी किल्ली आणि वेळ ओळखीच्या दोघांनाच द्यावी, अनोळखी माणसाला नाही. सुरक्षितता आधी. यावर खरं तर अर्धा तास बोलायला हवं, पण घड्याळ दिसतंय.

शेवटचं, कारण पुढच्या रांगेतल्या मावशींनी मघाशी विचारलं होतं. आवरताना निघालेली पुस्तकं वाचनालयात द्यायची असतील तर आधी फोन करून विचारा, दारात गठ्ठे टाकून येऊ नका. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि वाळवी लागलेले दिवाळी अंक कुणालाच नको असतात, ते सरळ रद्दीत घाला. चांगली पुस्तकं असतील तर यादी करून न्या. यादी करायला कुणी मदत हवी असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, मी मागच्या दाराशी थांबते.