डबा, आजोबा आणि पाळणाघराचं दार

नमस्कार. माईक जरा खाली करा कुणीतरी, मी काय एवढी उंच नाही. हां, बास. पत्रिकेवर विषय छापलाय 'पालक आणि पाळणाघर : सहकार्याच्या दिशा', पण दिशाबिशा मागनं बघू, आधी डब्याची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन या.

राजारामपुरीत माझं पाळणाघर होतं तेव्हाची. तीन वर्षांचं एक पोरगं यायचं, नाव सांगत नाही, त्याची आई इथंच कुठंतरी बसलेली असेल. साडेदहाला डबे उघडायचो, याचा जसाच्या तसा. तूप-साखरेची चपाती, सुरळी केलेली, एका टोकाला दाताची खूण, संपलं. संध्याकाळी आई दारातच डबा उघडायची आणि माझ्याकडं बघायची. बोलायची नाही, नुसती बघायची. आठवड्यानं बोलली, "काकू, तुम्ही भरवत नाही काय त्याला?" मला आला राग. म्हटलं, घरात टीव्हीपुढं बसवून भरवता, मग इथं कसा खाईल? झालं, बिनसलं. ती यायचीच बंद झाली, रिक्षावाल्या मामांना पाठवायला लागली, आणि मी पण अशी खडूस, डबा न बघताच पिशवीत कोंबायची.

तीन आठवडे हेच. मग एक दिवस आजोबा आले लुनावर, जुने तालमीतले. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, सकाळी काय खातो हो हा? तर मिशीवर हात फिरवून म्हणतात, "खातोय? रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेतोय की! म्हशीची धार, मोठा ग्लास, फेसासकट, एका दमात. पैलवान करणार हाय मी!" आणि घरी आल्यावर आई परत कपभर दूध आन् बिस्किटं, कारण कट्ट्याचं तिला ठाऊकच नाही, ती तेव्हा डबे करत असायची. (ते कच्चं दूध लहान पोरांना देऊ नका हं, उकळूनच द्या, आजोबा किती पण पैलवान असू देत.)

तर माझं म्हणणं, न्यायला जो येईल त्याच्याशी दारात दोन मिनिटं बोला, मामा असोत नाहीतर आजोबा, फक्त आईला धरून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिली म्हणतात. बरं, भराभर सांगते.

वही ठेवा. पोराच्या पिशवीत, साधी शंभर पानी. सकाळी घरच्यांनी दोन ओळी, झोप, शी, औषध, खाणं, संध्याकाळी ताईंनी दोन. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, एकाचे जुलाब सगळ्या पेठेला कळतात.

पोराला न्यायला उशिरा येणाऱ्यांचा दंड. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, पोरगं शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड, म्हटलं आपण पण कोल्हापूरचेच, लावला ५० रुपये. तर लोक आणखी निवांत यायला लागले, पन्नासची नोट पुढं करून! इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांत हेच करून बघितलेलं, २००० साली तो अभ्यास छापून आला. दंड लावल्यावर उशीर जवळजवळ दुप्पट, आणि दंड काढला तरी उशीर काही कमी झाला नाही. आधी दहा मिनिटं उशीर झाला तरी माणूस शरमायचा, पैसे दिल्यावर शरम कशाला?

आणि बोर्ड. 'पालकांनी आत येऊ नये' हा माझ्याकडं पण होता. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली, आणि आईला तिथं दिवसातनं ४ वेळा जाता येतं. शिरोली, गोकुळ शिरगावात कामाला असणाऱ्यांनी विचारा आपल्या कंपनीत. कायदाच आईला आत सोडतो, मग माझा बोर्ड कशाला? मी काढून टाकला, पहिले चार दिवस पोरं रडली, मग नाही.

काय? त्या पोराचं पुढं? दूध काही बंद झालं नाही, आजोबांना कोण सांगणार! आईचं दूध-बिस्कीट थांबलं, आणि मी त्याचा डबा साडेदहाचा साडेबाराला उघडायला लागले.