तुकोबांच्या घरचा जमाखर्च

मंडळी, संसार, धंदा, लेखन आणि परमार्थ हे सगळं एकाच माणसाला पेलतं का, यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. मी लांब कुठे गेलेच नाही. देहूच्या तुकोबांच्या अंगावर हे सगळं एकदमच आलं होतं, आणि त्यांनी ते अभंगांत लिहून ठेवलं आहे.

आपल्याला तुकोबा आठवतात ते कीर्तनात उभे राहिलेले, टाळ-वीणेसह. मी किराणा दुकानदाराच्या घरात वाढले, त्यामुळे मला आधी दिसतात ते दुकानावरचे तुकोबा. मोरे घराणं खाऊनपिऊन सुखी. गावची महाजनकी, शेती, दुकान, थोडी सावकारी आणि घराण्यात चालत आलेली विठ्ठलाची पूजा. थोरल्या सावजींचं मन संसारात नव्हतं, म्हणून वडिलांनी, बोल्होबांनी, व्यवहार मधल्या मुलावर सोपवला. तेव्हा तुकोबा तेरा वर्षांचे होते, असं चरित्रकार सांगतात. पुढे आईवडील गेले, सावजी तीर्थाटनाला निघून गेले, आणि १६३० च्या सुमाराला दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला.

‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ ही थोरली बायको, रखुमाई. आणि लगेच पुढे म्हणतात, ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥’ घरातलं माणूस उपाशी मेलं आणि धंद्यात खोट आली, हे एका दमात सांगितलं आहे. दिवाळं निघालेला वाणी पेठेतून मान खाली घालून जातो. ती शरम त्यांनी झाकली नाही.

मला फार मोलाचं वाटतं ते यानंतरचं. हातात पैसा नाही, पत गेलेली, अशा वेळी त्यांना मोडकळीला आलेलं देऊळ नीट करावंसं वाटलं. मग सांगतात, ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥’ मन लागत नव्हतं, पण दिवस ठरलेला होता. पंधरा दिवसांनी एकादशी येणारच. संतांची वचनं पाठ केली, पुढे गाणाऱ्याच्या मागे ध्रुपद धरलं. एवढा मोठा कवी आधी दुसऱ्याच्या मागे उभा राहून साथ करत होता! ‘घर-दुकान सांभाळून लिहायला वेळच मिळत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी हाच अभंग वाचायला देते. महिन्याच्या दोन एकादश्या निघतात, अगदी दुकानदारालासुद्धा.

आता सावकारीतल्या कर्जखतांकडे, म्हणजे ऋणकोंनी लिहून दिलेल्या कागदांकडे येऊ. आमच्या दुकानात लाल कापडाच्या बांधणीची उधारीची वही असायची. घरटी एक पान. वर्षानुवर्षं न आलेल्या रकमेवर वडील दिवाळीच्या आधी आडवी रेघ मारायचे, आणि त्या संध्याकाळी घरात कुणी फारसं बोलायचं नाही. म्हणून तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली हे ऐकताना माझ्या पोटात आजही गोळा येतो. पण संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेली कथा पुरती ऐका. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला मुलंबाळं पोसायची आहेत. तेव्हा वाटण्या झाल्या. निम्मी खतं कान्होबाच्या हातात गेली, आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. ही वाटणी कीर्तनात घाईघाईने उरकली जाते. मला ती खतं बुडवण्याइतकीच महत्त्वाची वाटते. स्वतःची ओढ कितीही खरी असो, भावाच्या पोटावर पाय देऊन तिच्यामागे जायचं नाही, हे तिथे ठरलं.

मग तुकोबांच्या दुसऱ्या बायकोचा, जिजाईंचा, वाटा कुठे गेला? त्या पुण्याच्या गुळवे सावकारांच्या लेक, खात्यापित्या घरातून आलेल्या. परंपरेने त्यांना कजाग ठरवून टाकलं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. नवऱ्याचा धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून त्यांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून दिलं, तुकोबा त्यातून मीठ घेऊन विकायला गेले, आणि आलेले पैसे वाटेत एका अडलेल्याला देऊन रिकाम्या हाताने परतले, अशी कथा आहे. कर्ज मात्र जिजाईंच्या नावावर राहिलं. शिवाय तुकोबा चिंतनाला बसत त्या भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी बांधून चढायचं ते त्यांनीच. हे सगळं करणारी बाई चिडणार नाही तर काय करेल?

तुकोबांनी तिचा हा राग तिच्याच तोंडच्या भाषेत अभंगात घातला: ‘काय नेणों होता दावेदार मेला । वैर तो साधिला होऊनि गोहो ॥ किती सर्वकाळ सोसावें हें दुःख । किती लोकां मुख वासूं तरी ॥’ मागचा कुणी वैरीच गोहो, म्हणजे नवरा, होऊन सूड घेतोय, उसनं मागायला किती दारांत तोंड उघडू, असं ती विचारते आहे. मला यात तुकोबांचा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्या परमार्थाची किंमत घरात कोण मोजतंय, हे त्यांना ऐकू येत होतं.

बाईच्या अंगाने पाहिलं तर गणित आणखी अवघड होतं. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंना त्याच भक्तीपायी नवऱ्याचा मार खावा लागला. पुढे नवराबायको दोघंही देहूला आले. बहिणाबाईंनी संसार केला, मुलं वाढवली, आणि आत्मचरित्रपर अभंग लिहिले. पण त्यांच्यासाठी वाटणी करून घ्यायला कुणी बसलं नाही.

घराघरांत आजही हेच चालतं. एक जण लिहितो, एक जण साधनेला बसतो, आणि हप्ते, दवाखाना, मुलांच्या शाळा तिसरंच कुणी पाहतं. सभागृहात संतुलनाचं कौतुक मात्र पहिल्या दोघांचं होतं. मला आज जिजाईंबद्दल बोलायचं होतं ते यासाठी.

१६५० साली तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. पुढे जन्मलेल्या मुलाचं नाव नारायण. त्याला वडील पाहायलाही मिळाले नाहीत. जे काही वाढवणं झालं ते आईने केलं. याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरपूरची वारी सुरू केली.