कुशावतीच्या वळणावरचा कातळ

[ड्रोन: दाट झाडी, नदीचं वळण, त्यात उघडा पडलेला तांबूस कातळ]

मडगावहून केपे, केप्याहून रिवण. कुळागरांच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांच्या, सावलीतून रस्ता जातो. रिवणच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पणसायमळची वाट लागते. उसगाळीमळ म्हणूनही ही जागा ओळखतात. झाडी संपते तिथे कुशावती नदी वळण घेते, आणि त्या वळणात हा कातळ पसरलेला आहे, अश्मयुगातल्या माणसांनी चित्रं कोरलेला.

इथे सकाळीच पोचायला हवं. ऊन तिरपं असतं तेव्हा प्रत्येक खळगा, प्रत्येक रेष आपली सावली घेऊन उठून दिसते. डोक्यावर सूर्य आला की सगळं सपाट.

[कातळाचा पृष्ठभाग, अगदी जवळून]

हा जांभा. याचेच चिरे काढून गोव्यात घरं बांधली, विहिरी बांधल्या, किल्ल्यांचे तट उभे केले. तो कुठून वाहून आलेला नाही, जागच्या जागी घडलाय. मूळ खडकावर अतिदीर्घ काळ पाऊस पडत राहिला. पाण्याबरोबर जे जाण्यासारखं होतं, सिलिका, कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम, ते हळूहळू निथळून गेलं. मागे उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. पावसाळ्यात भिजायचं, उन्हाळ्यात सुकायचं. दर फेऱ्यात लोहाची ऑक्साइडं कणाला कण बांधत गेली. म्हणून हा रंग, आणि म्हणूनच ही छिद्रं. त्या छिद्रांतून पाणी आत मुरतं आणि सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराखालच्या, झऱ्यांना पुरवलं जातं. जमिनीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. हवा लागली की टणक होतो.

[रखवालदार कातळावर पाणी ओततात]

आता नीट बघा. कोरड्या कातळावर काहीच कळत नव्हतं. पाणी रेषेत उतरतं, रेष गडद होते. आधी शिंग. मग वशिंड. मग पोटाची लांब रेष, आणि पाय. बैल आहे.

त्याच्या आसपास हरणं आहेत, गवे आहेत, मोर आहेत, माणसं आहेत. शंभराहून जास्त आकृत्या या कातळावर आहेत. दगडाने दगड ठोकून आधी खाच पाडली, मग ती घासून गुळगुळीत केली. एकेका प्राण्याची पाठ एका दमात ओढल्यासारखी वाटते. हात थरथरलेला नाही. ज्याने हे कोरलं त्याने तो प्राणी खूप जवळून, खूप वेळा पाहिला होता, असं आम्हाला हे चित्रण करताना सतत वाटत राहिलं.

[वरून: वर्तुळाकार चक्रव्यूह]

आणि हा चक्रव्यूह. एकात एक वळसे, बाहेरून आत. कशासाठी कोरला यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. काळाबद्दलही तसंच, कुणी ही चित्रं मध्याश्मयुगातली, शिकारीवर जगणाऱ्या माणसांची मानतात, कुणी नवाश्मयुगातली, शेती सुरू झाल्यानंतरची. गावात मात्र ती गुराख्यांनी कोरली असं सांगत आले. पुरातत्त्व अभ्यासकांपर्यंत ही जागा 1993 मध्ये पोचली, तीही गावकऱ्यांनी दाखवली म्हणून. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यात गोव्यातलं हे एकच ठिकाण आहे.

[कातळ, नदी, काठावरची झाडं]

शेजारीच लोहखनिजाच्या जुन्या खाणीचा खड्डा आहे. ज्या लोहाने हा मुलूख लाल केला, त्याच्यासाठीच डोंगर खोदले गेले, आणि त्यांची माती नद्यांत उतरली.

[अनवाणी पावलं, कातळाच्या कडेने]

चपला बाहेर काढा आणि आकृत्यांवर पाय देऊ नका. फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांत खडू भरू नका, दगडाने गिरवू तर मुळीच नका. एकदा गिरवली की ती रेष कोरणाऱ्या माणसाची राहत नाही. रेष दिसायला पाणी पुरतं.

जून ते सप्टेंबर इकडे येण्याचा बेत करू नका. पावसाळ्यात कुशावती या कातळावरून वाहते, चित्रं पाण्याखाली जातात, आणि पूर ओसरला की खाचांत गाळ बसलेला असतो. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत केव्हाही या. पिण्याचं पाणी सोबत आणा.

दिवस हातात असेल तर परतताना रिवणच्या गुंफा बघून घ्या. त्याही जांभ्यातच खोदलेल्या आहेत, बौद्ध भिक्षूंच्या वास्तव्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. आत अंधार असतो, टॉर्च लागेल. आणि वाटेत चांदर लागलं तर थोडं थांबा. याच कुशावतीच्या काठी तिथे एके काळी गोव्याची राजधानी होती, चंद्रपूर.