घरातून बोला, आम्ही ऐकवतो

नमस्कार मंडळी. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आज मी तुमच्याकडं काहीतरी मागणार आहे. तुमचा आवाज, तोही तुमच्याच घरात, तुमच्याच मोबाइलवर मुद्रित केलेला.

आपल्या रेडिओ केंद्रावर बोलायला कोण येतं? ज्याला दुपारी सवड आहे, ज्याच्या दारात गाडी आहे, तो. तान्हं बाळ पदराशी असलेली आई येत नाही. गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजी येत नाहीत. धारेची वेळ सांभाळणाऱ्याला तर यायचं म्हटलं तरी जमत नाही. मला हे फार खटकतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढं सरकारच्या २००६ च्या धोरणानं सामाजिक संस्थांनाही रेडिओ केंद्र चालवायची वाट मोकळी झाली. २००८ साली माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी तेलंगणाच्या पट्ट्यात, मेदक भागात, दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ चालवायला घेतला. आपल्यासारख्या केंद्राचा आवाज साधारण दहा-बारा किलोमीटर जातो. एवढ्याशा टापूतलंच माणूस आपल्या रेडिओवर ऐकू येणार नसेल, तर ही लहर आपली कशी म्हणायची?

तर आता कामाचं बोलू.

आधी जागा निवडा. मोकळ्या भिंती, फरशी आणि वर पत्रा असलेल्या खोलीत आवाज घुमतो. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं झणझण उरली, तर ती खोली सोडा. अंथरुणं रचलेली, कपाटाचं दार उघडं, दोरीवर कपडे, अशी कोंदट वाटणारी खोली रेडिओला उत्तम. नसेलच, तर समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. वाकळ असेल तर आणखी छान, जाड असते.

मग पंखा बंद. फ्रिजही तेवढा वेळ बंद, पण नंतर आठवणीनं चालू करा. फ्रिजची घरघर आपल्या कानाला सवयीनं कळेनाशी होते. माइकला सवय लागत नाही, तो सगळं टिपतो. म्हणून वीज गेलेली वेळ मला ध्वनिमुद्रणासाठी सोन्यासारखी वाटते. अख्ख्या आळीतले टीव्ही, पंखे, गिरणी, सगळं गप्प असतं. मोबाइल आधी चार्ज करून ठेवा आणि विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही.

मोबाइल तोंडापासून एक वीत लांब धरा, अगदी समोर न धरता जरा बाजूला. आपल्या भाषेत फ, भ, घ, ठ अशी श्वास फेकणारी अक्षरं भरपूर. ‘भाकरी’ म्हणताना तोंडातली हवा थेट माइकवर आदळली, की ऐकणाऱ्याला धप्पकन आवाज येतो. बोलून झाल्यावर लगेच बंद करू नका. अर्धा मिनिट गप्प बसा आणि खोलीची शांतता मुद्रित होऊ द्या. दोन वाक्यं जोडताना आम्हाला तीच लागते. मागं सिनेमातलं गाणं मात्र चालू नको. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात, तेवढ्यासाठी तुमचं चांगलं बोलणं बाजूला ठेवावं लागतं.

पण कोंबडा आरवला, गाय हंबरली, तर परत पहिल्यापासून बोलू नका. ते राहू द्या. शब्द कळले पाहिजेत एवढाच माझा आग्रह आहे.

बोलायचं काय, असं खूपजणी विचारतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. एवढं धन घराघरांत होतं, आणि त्या बायांना कुणी गायिका म्हणत नव्हतं. आपल्या टापूतही दळताना गायलेली आजी आहे, सुईण आहे, विहीर खोदलेले तात्या आहेत. त्यांच्याजवळ बसा, आधी विचारा, ‘रेडिओवर लावलं तर चालेल ना?’ हो म्हणाल्या तरच बटण दाबा. आणि एक प्रश्न विचारून थांबा. म्हाताऱ्या माणसाला आठवायला वेळ लागतो, त्या वेळात आपण बोललो की धागा तुटतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना तिथंच माइक दाबून बोलू नका, आवाज बारीक होतो. मोबाइलमधल्या रेकॉर्डरवर मुद्रण करा आणि ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

पहिला विषय देते: घरात बियाणं कसं राखायचे? राख, कडुलिंबाचा पाला, कणगी, शेणानं सारवलेली टोपली, जे आठवेल ते. पाच मिनिटं पुरेत. सुरुवातीला नाव आणि गाव सांगा. शनिवारी संध्याकाळपर्यंत आलेलं सगळं मी स्वतः ऐकणार आहे, आणि रविवारी सकाळी याच वेळेला लावायला सुरुवात करू.