पोपचे राजदूत, वांद्र्याचे इव्हान डायस

आपण पाहत आहात ते अल्बेनियाच्या उत्तर भागातील श्कोडर शहरातील कॅथेड्रल. एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या या मंदिराचे १९६७ साली खेळांच्या सभागृहात रूपांतर झाले आणि भाविक जिथे गुडघे टेकत, तिथे सामन्यांचे प्रेक्षक बसू लागले. एनव्हर होजा यांच्या कम्युनिस्ट राजवटीने त्याच वर्षी देशभरातील मशिदी आणि चर्च बंद केली, तर १९७६ च्या राज्यघटनेच्या ३७ व्या कलमात राज्य कोणताही धर्म मानत नाही, असे लिहूनच टाकले. ही राजवट कोसळल्यावर, १९९१ साली, या देशात पोपचे राजदूत म्हणून जे आर्चबिशप आले, ते आपल्या मुंबईचे होते.

इव्हान डायस यांचा जन्म १४ एप्रिल १९३६ रोजी वांद्र्याला, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. शालेय शिक्षण वांद्र्याच्याच सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत झाले आणि ८ डिसेंबर १९५८ रोजी कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या हस्ते त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांना रोमला, व्हॅटिकनचे मुत्सद्दी जिथे घडवले जातात त्या अकादमीत पाठवण्यात आले.

ही जुनी चित्रफीत डिसेंबर १९६४ मधील, मुंबईच्या ओव्हल मैदानावरील आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसची, म्हणजे जगभरातील कॅथलिकांच्या धार्मिक मेळाव्याची आहे. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे पहिले पोप, सहावे पॉल, येथे दिसतात. या भेटीच्या तयारीत व्हॅटिकनकडून तरुण फादर डायस यांचा हात होता, मात्र एवढ्या गर्दीत त्यांना शोधू जाल तर ते सापडणार नाहीत, आणि पडद्यामागे राहून काम करणाऱ्या मुत्सद्द्याच्या बाबतीत यात नवल करण्यासारखे काहीच नाही.

१९७३ ते १९८२ या काळात त्यांनी व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात सोव्हिएत संघ, पोलंड, चीन, व्हिएतनाम अशा देशांचे काम पाहिले. जिथे चर्चवर पाळत होती किंवा बंदी होती, तिथल्या सरकारांशी बोलणी तुटू न देता आपल्या माणसांना सांभाळायचे, हे धोरण तेव्हा आर्चबिशप आणि पुढे कार्डिनल झालेले अगोस्तिनो कासारोली राबवत होते. त्याच कासारोलींच्या हस्ते १९ जून १९८२ रोजी डायस यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला आणि ते घाना, टोगो व बेनिन या देशांत पोपचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९८७ पासून ते दक्षिण कोरियात होते.

पोपच्या राजदूताला दुहेरी काम असते. तो सरकारदरबारी व्हॅटिकनचा प्रतिनिधी असतो आणि त्याच वेळी स्थानिक चर्चवरही त्याचे लक्ष असते. एखाद्या धर्मप्रांताला बिशप हवा असला, की तो गुप्तपणे चौकशी करतो, अनेकांची मते लेखी मागवतो आणि साधारणपणे तीन नावांची यादी आपल्या अभिप्रायासह रोमला धाडतो. अल्बेनियात ही यादी करायची तर नावे आणायची कुठून, हाच प्रश्न होता, कारण धर्मगुरूंपैकी कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, कित्येक तुरुंगात आणि श्रमछावण्यांत मेले होते, आणि जे मोजके हयात होते ते वयाने थकलेले होते.

आता पाहा २५ एप्रिल १९९३ ची ही दृश्ये. श्कोडरच्या त्याच कॅथेड्रलमध्ये पोप दुसरे जॉन पॉल चार नव्या बिशपांना दीक्षा देत आहेत. त्यांतील फ्रानो इल्लिया यांना १९६८ साली फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे कारावासात बदलली गेली. आज ते श्कोडरचे आर्चबिशप होत आहेत. रोक मिर्दिता यांना अमेरिकेतून अल्बेनियात बोलावण्यात आले आहे. जन्माने अल्बेनियन असलेल्या मदर तेरेसाही या भेटीसाठी आल्या आहेत. डायस यांच्यावर तर १९९२ पासून दक्षिण अल्बेनियाच्या चर्चचा कारभारही सोपवलेला होता, म्हणजे राजदूतानेच मेंढपाळाची काठी हाती घेतली होती. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर आम्ही याच पाच वर्षांकडे बोट दाखवू.

१९९६ च्या अखेरीस मुंबईचे आर्चबिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याच काळात, १९९८ साली, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला आणि घरी-दारी मराठी बोलणाऱ्या तिथल्या कॅथलिक समाजाला थॉमस डाबरे हे पहिले बिशप लाभले. फेब्रुवारी २००१ मध्ये डायस कार्डिनल झाले. धर्मशिकवणीबाबत ते कर्मठ होते आणि समलैंगिकतेविषयीच्या त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली.

२००५ साली नव्या पोपची निवड करणाऱ्या कार्डिनलांत ते होते, आणि संभाव्य पोप म्हणून वृत्तपत्रांनी त्यांचे नावही घेतले. २००६ ते २०११ या काळात आशिया-आफ्रिकेतील मिशन प्रदेशांचा कारभार पाहणारे व्हॅटिकनचे खाते त्यांच्याकडे होते. चीनमधील बिशप पोपने नेमायचे की तिथल्या सरकारने, हा तिढा मात्र त्यांच्या कारकिर्दीतही सुटला नाही. १९ जून २०१७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, रोममध्ये त्यांचे निधन झाले.